शिळ्या कढीला दरवर्षी नवा ऊत

परवा रात्री ताईचा फोन आला. जेवण झालं का, पाऊस आहे का वगैरे झालं आणि मग ती मुद्द्यावर आली. भाच्याला फुटबॉलचा नवीन गेम पाहिजे, दोन दिवस त्याने घर डोक्यावर घेतलंय. "अरे पण हा त्याच्याकडे आहे ना? गेल्या दिवाळीत घेतला तो हाच दिसतोय मला. कव्हरवरचा खेळाडू तेवढा बदललाय." मी म्हटलं थांब, नीट सांगतो, एक-दोन दिवसांत फोन करतो. "हो, तोच आहे" असं एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं, पण तो तोच का आहे, आणि तोच असूनही पोराला तो का पाहिजे, हे सांगायला वेळ लागतो. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून इथे लिहून काढतोय.

आधी हे सांगतो की मी गेमच्या विरोधातला माणूस नाही. आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या टीमची मॅच असली की आमच्या घरचं दुपारचं जेवण मॅचच्या वेळेवर ठरायचं. त्यामुळे मित्राच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला आणि त्यावर फिफा ९८ हा फुटबॉलचा गेम दिसला तेव्हा आम्हा पोरांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. 'रोड टू वर्ल्ड कप' असं त्याचं पूर्ण नाव, १९९७ ला आलेला. त्यात १७२ देश होते, म्हणजे आपला भारत पण होता, आणि भारताला वर्ल्ड कपपर्यंत न्यायचं हे आमचं त्या सुट्टीतलं एकमेव काम होतं. इनडोअर मोड होता, भिंतीवर आपटून बॉल परत यायचा, त्यात तर आम्ही पेठांच्या टीम मनानेच धरून खेळायचो, ब्राझील म्हणजे पाटाकडील आणि जर्मनी म्हणजे दिलबहार तालीम.

आता गंमत बघा, हे फिफा गेम काढणाऱ्या ईए कंपनीने त्या एका वर्षाच्या आसपास तीन गेम काढले. १९९७ ला हा, १९९८ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर 'वर्ल्ड कप ९८', आणि त्याच वर्षाच्या शेवटी फिफा ९९. म्हणजे दरवर्षी गेम काढून पैसे कमवायची सवय काही आजची नाही, पहिला फिफा १९९३ ला आला आणि तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. पण तेव्हा कॉम्प्युटरच इतक्या झपाट्याने बदलत होते की एका वर्षात फरक डोळ्यांना दिसायचा, खेळाडूंचे चेहरे चेहऱ्यासारखे व्हायला लागले, पळण्यात फरक पडला, पासिंग बदललं. पैसे घेत होते पण बदल्यात काहीतरी देत होते. म्हणून 'दरवर्षी नवा गेम' या गोष्टीवर माझा राग नाहीये. राग कशावर आहे ते पुढे सांगतो.

निन्टेंडो स्विच नावाचं कन्सोल आहे, आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाही, लोक बाहेरून मागवतात नाहीतर दुबईचा कुणीतरी घेऊन येतो. त्यावर फिफा १८ आणि १९ आले तोवर ठीक होतं. मग फिफा २० पासून 'लेगसी एडिशन' सुरू झालं. लेगसी म्हणजे वारसा, केवढा भारदस्त शब्द. आणि त्या शब्दामागे काय होतं तर नवे स्क्वाड म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या याद्या, नवे किट म्हणजे जर्सी वगैरे, मेन्यूचे रंग. बस. खेळायची पद्धत तीच, मोड तेच, बाकीच्या कन्सोलवर जे नवीन आलं होतं त्यातलं काहीही नाही. कंपनीने हे लपवलं नव्हतं, गेमच्या माहितीत लिहिलेलंच होतं, पण बारीक अक्षरातलं कोण वाचतं, दुकानात उभा असलेला बाप तर वाचत नाहीच, तो फक्त २० चा २१ झालेला बघतो आणि पोराला विचारतो हाच का रे. आणि हे एक वर्ष नाही, २०, २१, २२, २३, सलग चार वर्षं चाललं.

फिफा २१ च्या वेळी आयजीएन या वेबसाइटने जे केलं ते मला अजून आवडतं. त्यांनी स्विचच्या फिफा २१ चा रिव्ह्यू म्हणून आदल्या वर्षीचा रिव्ह्यूच जवळपास जसाच्या तसा परत छापला आणि दहापैकी दोन मार्क दिले. नव्याने लिहिण्यासारखं त्यात होतंच काय? मी तो रिव्ह्यू वाचून एका मित्राला पाठवला तर तो म्हणाला अरे यांनी आळस केला. मी म्हटलं भावा, आळस त्यांनी नाही केला, त्यांनी फक्त तो दाखवून दिला.

त्याच काळातली दुसरी गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. कोनामीचा प्रो इव्होल्यूशन सॉकर, ज्याला आपण सगळे पीईएस म्हणतो. २०२० मध्ये कोनामीने सरळ सांगितलं की आमची टीम पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी नवीन गेम बनवतेय, त्यामुळे यावर्षी नवा गेम नाही, जुन्याच गेमला 'सीझन अपडेट' देतोय, आणि किंमत ३० डॉलरच्या आसपास, म्हणजे नव्या गेमच्या निम्मी. नावातच 'सीझन अपडेट' लिहिलेलं. मला विचाराल तर हेच करायला पाहिजे. स्क्वाड बदलले असतील तर स्क्वाडचे पैसे घ्या, कोण नाही म्हणतंय? गेमचे पैसे कशाला घेता? आता त्याच कोनामीने पुढच्या वर्षी ईफुटबॉल २०२२ आणला तेव्हा खेळाडूंचे चेहरे बघून लोक घाबरले, स्टीम या ऑनलाइन दुकानात त्यावेळचा सगळ्यात वाईट रेटिंगचा गेम ठरला आणि कंपनीला माफी मागावी लागली, ते खरंच. पण तो गेम फुकट होता, आणि काम अर्धवट राहिलेलं होतं. अर्धवट कामाचा राग वेगळा आणि तेच काम परत विकण्याचा राग वेगळा, मला तरी पहिला लवकर विसरता येतो.

मग प्रश्न येतो की एवढी मोठी कंपनी, एवढे पैसे, मग दर दोन वर्षांनी एक चांगला गेम का नाही काढत? ताईला हेच समजावायचंय मला.

याचं उत्तर म्हणजे अल्टिमेट टीम. हा मोड पहिल्यांदा २००९ मध्ये फिफा ०९ ला जोडून आला. यात तुम्ही खेळाडूंची कार्डं गोळा करून आपली टीम बनवता, आणि कार्डं मिळवायला पाकिटं फोडायची. पाकिटात मेस्सी निघेल की कुठल्यातरी खालच्या लीगचा गोलकीपर, ते नशीब. पाकीट खेळून कमावलेल्या नाण्यांनी घेता येतं, पण त्याला भरपूर खेळावं लागतं, नाहीतर खरे पैसे टाका. बेल्जियमच्या सरकारी यंत्रणेने २०१८ मध्ये हे जुगारात बसतं असं म्हटलं आणि २०१९ च्या जानेवारीत ईएने तिथे पाकिटं घ्यायचे पॉइंट पैशाने विकणं थांबवलं. बाकी ठिकाणी चालूच. ३१ मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात फिफा, मॅडन (अमेरिकन फुटबॉलचा गेम), आइस हॉकी असे सगळे धरून अल्टिमेट टीममधून ईएला १.६२ अब्ज डॉलर मिळाले, कंपनीच्या एकूण कमाईच्या जवळपास तीस टक्के. हा गेम विकून आलेला पैसा नाही बरं का, गेम विकल्यानंतर आतून आलेला.

आणि आता मुख्य गोम. नवा गेम आला की जुन्यातली टीम नव्यात येत नाही. वर्षभर रात्री जागून जमवलेली कार्डं तिथेच राहतात आणि सप्टेंबरमध्ये सगळे परत शून्यापासून. मित्र नव्यात गेले, स्पर्धा नव्यात गेल्या, जुन्या गेममध्ये ऑनलाइन माणसं कमी व्हायला लागली की तो ओस पडलेल्या गावासारखा होतो. म्हणजे गेम वेगळा असायची गरजच उरत नाही. नवीन घेतला नाही तर तुम्ही एकटे पडता, एवढं पुरतं. माझ्या भाच्याला नव्या गेमचं ग्राफिक्स नकोय, त्याला त्याच्या वर्गातली पोरं पाहिजेत, आणि ती पोरं नव्यात आहेत. बारा वर्षाच्या पोराला एकटं पडायची भीती दाखवून विकलेली वस्तू आहे ही. मला याचा मनापासून राग येतो.

दुसरं कारण म्हणजे समोर कोणी नाही. फुटबॉलमध्ये निदान कोनामी होती. अमेरिकन फुटबॉलचं बघा. २००४ ला ईएसपीएन एनएफएल टूके५ नावाचा गेम आला, किंमत फक्त १९.९९ डॉलर, आणि चांगला होता, अजून लोक त्याची आठवण काढतात. ईएला आपल्या मॅडनची किंमत खाली आणावी लागली, गिऱ्हाइकाची चंगळ. आणि त्याच डिसेंबरमध्ये ईएने एनएफएल या तिथल्या लीगशी करार केला की लीगच्या टीम आणि खेळाडू असलेला असा गेम फक्त आम्हीच काढणार. स्पर्धा संपली. त्यानंतरच्या मॅडनबद्दल तिकडचे लोक काय बोलतात ते वाचलंत तर वाटेल आपलंच कोणीतरी बोलतंय, २०२० मध्ये तर फ्रँचायझी मोड सुधारा म्हणून हॅशटॅग चालवला होता लोकांनी. मी मॅडन फारसा खेळलेलो नाही, त्या खेळाचे नियम मला अजून नीट कळत नाहीत, पण ती चीड ओळखीची वाटते.

न आवडलेल्या गेमचा विषय निघालाच आहे तर डब्ल्यूडब्ल्यूई टूके२० बद्दल बोललंच पाहिजे. आमच्या पिढीने रेसलिंगची ट्रम्प कार्डं खिशात घेऊन शाळा केली, अंडरटेकरचं कार्ड हरवलं तर रडलेली पोरं मला माहीत आहेत, त्यामुळे हा गेम बिघडला त्याचं वाईट वाटलं. वर्षानुवर्षं ही सीरीज युक्स नावाची जपानी कंपनी बनवायची, ती बाजूला झाली आणि व्हिज्युअल कॉन्सेप्ट्सवर सगळं आलं, पण तारीख काही पुढे गेली नाही, ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गेम आला आणि खेळाडू दोरखंडातून आरपार जातायत, हवेत लटकतायत, केस स्वतःच्या मर्जीने उडतायत. कळस म्हणजे १ जानेवारी २०२० ला कॅलेंडर बदललं आणि गेम चालूच होईना, लोकांनी कन्सोलची तारीख मागे नेऊन खेळून बघितलं तर चालला! वर्ष बदललं म्हणून बंद पडलेला गेम, आणि तो सुद्धा नावात वर्ष घेऊन विकलेला.

पण पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. टूके या कंपनीने पुढच्या वर्षीचा मुख्य गेम रद्द केला, टूके२१ आलाच नाही. टूके२२ आला तो थेट मार्च २०२२ मध्ये, आणि तो चांगला निघाला, कंट्रोल नव्याने बांधलेले, खेळताना मजा यायची. म्हणजे एक वर्ष गेम नाही आला तर आभाळ कोसळत नाही. दोन वर्षं थांबले, लोकांनी वाट बघितली, लोकांनी घेतला. हे उदाहरण मी प्रत्येक वेळी देतो जेव्हा कोणी मला सांगतं की दरवर्षी काढावाच लागतो, लायसन्स असतं, शेअरहोल्डर असतात.

जुनं परत विकण्याचा अजून एक प्रकार आहे, तो मनाला जास्त लागतो. जीटीए सीरीजमधला वाइस सिटी. मला नाही वाटत २००३ ते २०१० च्या दरम्यान महाराष्ट्रात असं एकही सायबर कॅफे होतं जिथे वाइस सिटी नव्हता. तासाला दहा-पंधरा रुपये द्यायचे आणि चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हे गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने जीटीए थ्री, वाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिन्हींचं एकत्र 'डेफिनिटिव्ह एडिशन' काढलं. डेफिनिटिव्ह म्हणजे हेच खरं, हेच शेवटचं. पाऊस पडला की पडद्यावर पांढऱ्या रेघा, समोरचं दिसेना. पाट्यांवरची अक्षरं मशीनकडून मोठी करून घेतलेली, त्यात स्पेलिंग चुकलेली. आणि ते डोनटचं दुकान! मूळ गेममध्ये त्या दुकानावर एक मोठा सहा कोनांचा नट बसवलेला होता, बोल्टवाला नट, दुकानाच्या नावात 'नट' होतं म्हणून केलेली कोटी. नव्या एडिशनमध्ये त्याचे कोन घासून तो गोल केला. कोपरे गुळगुळीत करायचे एवढंच बघितलं, ते काय आहे हे कोणी बघितलंच नाही. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी प्रेमाने केलेली छोटीशी गोष्ट होती ती, आणि ज्याला ती नीट करायला दिली त्याला ती कळली पण नाही. एक नट म्हणून सोडून देता येईल, मला नाही सोडता आला.

आणि यात संताप आणणारी गोष्ट अशी की नवीन यायच्या आधीच जुने मूळ गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकलेले. लोक भडकल्यावर आठवड्याभरात माफी आली, पीसीवर मूळ गेम परत ठेवले, आणि पुढची तीन वर्षं दुरुस्त्या करत राहिले. ईएने पण तेच केलं, फिफा संस्थेशी करार संपला, फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा गेम, सप्टेंबर २०२३ मध्ये ईए स्पोर्ट्स एफसी २४ आला, आणि त्याच सुमारास मागचे फिफा डिजिटल दुकानांतून गायब. समजा तुम्हाला जुनाच आवडतो, म्हटलं घ्यावा, तर मिळत नाही. सेकंडहँड डिस्क शोधत फिरा.

चांगलं झालं ते पण सांगतो. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली. ज्या लीगमध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळलाय, १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये २०१७ ला भारताकडून खेळलेला पोरगा, ती लीग त्या गेममध्ये. ९८ मध्ये भारताची टीम घेऊन बसलेल्या पोराला याचं काय वाटलं असेल, मी खरंच थोडा वेळ नुसता मेन्यू बघत बसलो होतो. अशी एखादी गोष्ट दरवर्षी दिली तर मी स्वतः रांगेत उभा राहीन.

आता क्रिकेट. हा विषय आपला आहे आणि मला वाटतं सगळ्याचं उत्तर इथेच आहे. ईएने क्रिकेट ०७ काढला २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या वर्षीच्या अ‍ॅशेसच्या आधी, कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि रिची बेनो. फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचं लायसन्स होतं, बाकी देशांच्या खेळाडूंची नावं मोडतोड केलेली, आपल्या लोकांची पण. त्यानंतर ईएने क्रिकेटचा असा गेम काढलाच नाही. दुसऱ्यांनी प्रयत्न केले. २०१३ च्या अ‍ॅशेसचा गेम तर इतका वाईट होता की नोव्हेंबरमध्ये स्टीमवर आला आणि काही दिवसांतच मागे घेतला, प्रकल्प रद्द केला, लोकांचे पैसे परत दिले. फील्डर बॉलकडे जायचं सोडून भलतीकडेच. निदान पैसे परत दिले, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. पुढे मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ पासून हे काम हातात घेतलं, आणि ते गेम चांगले आहेत. त्यांचे पण क्रिकेट १९, २२, २४ असे आकडे लागतात पण मध्ये दोन-तीन वर्षं जातात, आणि ती गेलेली वर्षं खेळताना जाणवतात.

पण क्रिकेट ०७ मेला नाही. कारण पोरांनी तो मरू दिला नाही. कंपनीने सोडून दिल्यावर भारतातली, पाकिस्तानातली, बांगलादेशातली पोरं स्वतः पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल, बनवायला लागली. आधी नावं नीट केली, मग जर्सी, मग स्टेडियम, बॅटवरचे स्टिकर, टीव्हीसारखा स्कोअरबोर्ड, आयपीएलच्या टीम. लिलाव झाला की थोड्याच दिवसांत नवा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, तयार. सगळं फुकट, कॉलेज सांभाळून, रात्री जागून. आमच्या हॉस्टेलवर एक मुलगा होता, इचलकरंजीचा, तो एका जर्सीच्या कॉलरवर तीन रात्री बसला होता कारण टीव्हीवर पट्टी जराशी जाड दिसत होती. त्याला कोणी एक रुपया दिला नाही. दरवर्षी स्क्वाड आणि किट बदलून द्यायचं, हे मोठ्या कंपन्या ज्याला नवा गेम म्हणतात नेमकं तेच काम, हा मुलगा पेनड्राइव्हवर वाटायचा, आणि कोणी त्याला विचारलं की नवा गेम बनवलास का, तर म्हणायचा, "नाय रे, पॅच हाय नुसता."

तर काल रात्री ताईला फोन केला. हे सगळं काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की तुला दिसलं ते बरोबर आहे, गेम तोच आहे, आत्ता पूर्ण किंमत देऊ नको, उन्हाळ्यापर्यंत किंमत बरीच उतरते तेव्हा मी घेऊन देतो. आणि पाकिटांसाठी कार्डचा नंबर तिथे सेव्ह करू नको, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली ठीक आहे पण त्याला तूच सांग. भाचा फोनवर आला, मी म्हटलं मे महिन्यात घेऊ, त्याने विचारलं, "मामा, मेपर्यंत मी खेळू कोणाबरोबर?" मी म्हटलं शनिवारी येतोय, माझ्याबरोबर खेळ, तुझ्याकडे आहे त्यातच. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला दुसरा कंट्रोलर खराब झालाय, येताना घेऊन ये.